दाराची आतली बाजू

ताई कवळ्या करायची. दातांच्या दवाखान्यांतून जबड्याचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतून ती साचा काढायची, साच्यावर मेण चढवून त्यात एकेक दात बसवायची आणि शेवटी गुलाबी हिरडी चाकावर घासून अशी चकचकीत करायची की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस जन्मल्यापासून असाच हसत आलाय. कारखाना म्हणजे दोन खोल्या, पाच माणसं आणि जिकडेतिकडे पांढरी भुकटी. तिथे सगळे तिला ताईच म्हणायचे, मालकसुद्धा, आणि मालक तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे होते. लग्नाचं कुणी काढलंच तर म्हणायची, लोकांची तोंडं बघण्यातच जन्म गेला, पसंत एकही पडलं नाही.

घरी ती आणि तिचे बाबा. बाबांनी उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाले तरी खिशातली पेन्सिल काही सुटली नाही. औषधाच्या खोक्यावरची चूक दुरुस्त करायचे, जिन्यातल्या सूचनेतला ऱ्हस्व दीर्घ करून यायचे. शेवटच्या तीन वर्षांत त्यांची आठवण जायला लागली. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग सकाळ कुठली आणि संध्याकाळ कुठली तेही कळेनासं झालं. शुद्धलेखन मात्र शाबूत होतं.

एकदा ते घरातून निघाले आणि संध्याकाळी सापडले ते जुन्या छापखान्याच्या दारात. छापखाना जाऊन तिथे चपलांचं दुकान झालं होतं आणि हे कामाची पाळी सुरू व्हायची वाट बघत उभे होते. त्यानंतर ताई बाहेरून कुलूप लावायला लागली. ती साडेआठला निघायची. बाबांना सांभाळायला एक बाई यायच्या, पण त्यांचं सकाळचं दुसरं घर असायचं, त्यामुळे त्या अकराला पोचायच्या. मधले अडीच तास बाबा एकटे.

निघताना रोज ते विचारायचे, "कधी येशील?"

"आलेच पाच मिनिटांत," ती म्हणायची आणि नऊ तासांनी यायची. खरं सांगितलं तर ते घाबरे व्हायचे. पाच मिनिटं म्हटलं की मान डोलवायचे. तिने तर दाराच्या आतल्या बाजूला कागदच चिकटवला: मी पाच मिनिटांत येते, दार उघडू नका. एका संध्याकाळी येऊन बघते तो 'पाच' या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात नीटस प्रश्नचिन्ह. मजकुरात शंका आली की मुद्रितं तपासणारे लेखकासाठी करतात तशी खूण. ताईला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिने ते रंगवून सांगितलं, आणि सगळे पोट धरून हसले.

मग एका सकाळी सांभाळणाऱ्या बाईंनी दार उघडलं तेव्हा बाबा खुर्चीत होते आणि गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, काही कळलंही नसेल. भेटायला आलेला प्रत्येक जण तेच म्हणाला. ताईनेही ते घट्ट धरून ठेवलं. त्या एका वाक्यावर तिने पुढचे दोन महिने काढले.

पण संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की घर अंगावर यायचं. कुणी विचारायला नाही, कुणी चुका काढायला नाही. एका रविवारी ती भटक्या आणि सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या आश्रयघरात गेली. तिथे कोपऱ्यात एक तपकिरी, मध्यम वयाचा, एक कान फाटलेला कुत्रा बसला होता. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकाला तो बांधलेला सापडला होता. तिथले मालक सामानसुमान घेऊन गेले, ह्याला तेवढा विसरले. तिथल्या बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की ह्याला दोनदा लोकांनी नेला आणि दोनदा परत आणून सोडला, कारण हा एकटा म्हणून राहत नाही. ताई म्हणाली, माझं घर तर रिकामंच आहे, आरामात राहील. रिकामं घर हेच त्याचं दुखणं आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

पहिले दोन दिवस सुट्टीचे होते. ताई स्वयंपाकघरात गेली की तो तिथे, न्हाणीघरात गेली की दाराशी, केर काढायला लागली की झाडूच्या मागे मागे. कामावर देखरेख ठेवावी तसा चालायचा, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं मुकादम. कितीतरी दिवसांनी ती घरात मोठ्याने बोलत होती.

तिसऱ्या दिवशी साडेआठला तिने त्याचं डोकं कुरवाळलं, सवयीने म्हणाली, "आलेच पाच मिनिटांत," आणि कुलूप लावून गेली.

संध्याकाळी दार उघडलं तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. दाराच्या खालच्या भागाचं लाकूड ओरबाडून त्याच्या ढलप्या निघाल्या होत्या. दारापाशी मुताचं थारोळं होतं, लाकडावर रक्ताचे ओरखडे होते आणि मुकादमच्या पुढच्या पायाची दोन नखं मुळापासून तुटली होती. तो शेपूट पोटात घालून तिच्या पायांवर येऊन पडला आणि थरथरत राहिला. ती त्याचे पंजे धूत होती तेवढ्यात खालच्या काकू वर आल्या.

काकू अगदी तिच्या घराखालच्याच खोल्यांत राहायच्या. टेलिफोन खात्यात तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसलेल्या, आता विधवा, बोलायला मऊ. त्या तक्रार करायला आल्या नव्हत्या, विचारपूस करायला आल्या होत्या. उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी उघड्या दाराची आतली बाजू बघितली, ओरखडे बघितले आणि म्हणाल्या, "सकाळभर रडत होता गं. धडका देत होता दारावर. अगदी तुझ्या बाबांसारखा."

बोलून गेल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ताईने ओलं फडकं खाली ठेवलं.

"बाबांसारखा म्हणजे?"

काकूंनी सारवासारव करून बघितली, पण ताईची नजर हलेना. मग उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. ताई गेली की पाचदहा मिनिटांत बाबा दार वाजवायला लागायचे. आधी बोटाने, मग मुठीने. रोज. दीड वर्ष. काकू वर येऊन पायरीवर बसायच्या आणि बंद दारातून त्यांच्याशी बोलायच्या. न दिसणाऱ्या माणसाशी बोलायची त्यांना सवयच होती. कोण बोलतंय, बाबा विचारायचे. मी टेलिफोन खात्यातली, काकू सांगायच्या. मग ते अदबीने म्हणायचे, बाई, माझ्या मुलीला जरा फोन जोडून देता का? आणि काकू म्हणायच्या, लाइन बिझी आहे हो, थोड्या वेळाने बघते. अकरा वाजेपर्यंत असं चालायचं.

ताईने फडकं पुन्हा उचललं आणि पिळलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय केलं असतंस? नोकरी सोडली असतीस?"

"ते मी ठरवलं असतं," ताई म्हणाली. तिने हळूच दार लोटलं आणि कडी घातली.

त्या रात्री दारावरच्या कागदातलं ते प्रश्नचिन्ह तिने पुन्हा बघितलं. ज्यावर पाच माणसं पोट धरून हसली होती, ते त्या माणसाने तिला खरोखरच विचारलं होतं. ती दाराला पाठ लावून खाली बसली. मुकादम शेजारी येऊन बसला. तिला त्याच्याकडे बघवेना.

त्याला परत नेऊन सोडायचा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण तिसऱ्यांदा त्याला आश्रयघराच्या त्याच फाटकातून आत ढकलायचं म्हणजे हात धजेना. दुसऱ्या दिवशी ती त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणजे चुणचुणीत तरुण मुलगी. तिने नखांना पट्टी बांधली आणि समजावून सांगितलं की हा खोडसाळपणा नाही, भीती आहे. रागावून जात नाही, मारून तर नाहीच नाही. त्याला अगदी थेंबाथेंबाने शिकवायचं. आधी नुसत्या किल्ल्या उचलायच्या आणि परत ठेवायच्या. चपला घालायच्या आणि घरातच बसायचं. मग दाराबाहेर जायचं, एक श्वास घ्यायचा, परत यायचं. तो घाबरायच्या आत परत यायचं, घाबरल्यावर नाही. जाताना लाडीगोडी नको, आल्यावर सोहळा नको. आणि शिकेपर्यंत, त्याला झेपेल त्यापेक्षा एक मिनिटही जास्त एकटं ठेवायचं नाही.

हे शेवटचं सगळ्यात अवघड होतं. ताईने त्याला कारखान्यात नेऊन बघितलं. पॉलिशचं चाक सुरू झालं की तो टेबलाखाली शिरून थरथरायचा. दुसऱ्या दिवशी मात्र तो धीट झाला आणि एका आजोबांची वरची कवळी तोंडात धरून मालकांच्या समोर जाऊन बसला. दात त्याला असे चपखल बसले होते की मालकांना आधी हसावं की ओरडावं तेच कळेना. मग ते म्हणाले, ताई, ह्याचं माप आपण घेतलं नव्हतं, ह्याला उद्यापासून घरी ठेवा. दुपारनंतर घरी बसून दात मांडायचं काम करायची परवानगी मात्र त्यांनी दिली. राहिल्या सकाळी.

ओळखीपाळखीतलं कुणी सकाळी रिकामं नव्हतं. दोन दिवस ताई रजेवर बसली. तिसऱ्या दिवशी नाइलाजाने ती खाली गेली, काकूंच्या दारात उभी राहिली आणि फक्त म्हणाली, "साडेआठला कुत्र्याजवळ बसाल का?" काकूंनी पायात चपला सरकवल्या.

त्यानंतर कित्येक आठवडे त्या दोघींत कामापुरतं बोलणं होतं. पाणी भरून ठेवलंय. फिरवून आणलाय. आज खाल्लं नाही त्याने. काकू सकाळी येऊन बसायच्या, दुपारी ताई आली की मुकाट्याने जिना उतरायच्या. ताईला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं आणि त्यांच्यावाचून तिचं चालतही नव्हतं.

आणि संध्याकाळी, रविवारी, ताईचा नि मुकादमचा अभ्यास. किल्ल्यांचा आवाज आला की तो ताडकन उभा राहायचा. तिने किल्ल्या दिवसातून चाळीस वेळा उचलल्या आणि ठेवल्या, इतक्या की शेवटी तो कंटाळून जांभई द्यायला लागला. मग दाराबाहेर एक श्वास. मग पाच. जुना फोन फडताळावर उभा करून तिने त्याचं चित्र नव्या फोनवर दिसेल अशी सोय केली आणि जिन्यात बसून ते बघत राहायची. दार बंद झालं की तो दाराशी येऊन उभा राहायचा, कान टवकारायचा, आणि मग त्याचा जबडा थरथरायला लागायचा. त्या थरथरीच्या आधी आत जायचं, हे तिला डोळ्यांनी कळायला लागलं. आयुष्यभर जबडेच तर बघितले होते.

बंद दाराची ती आतली बाजू तिने पूर्वी कधी बघितली नव्हती. गेल्यावर मागे काय होतं ते तिने त्या दीड वर्षात एकदाही बघितलं नव्हतं. आता रोज बघत होती, आणि कुत्र्याच्या जागी तिला कोण दिसत होतं ते सांगायला नको.

दीड महिन्यात मजल दहा मिनिटांवर गेली. मग एकदा जिन्यात कुणाचं तरी कपाट उतरवताना धाडकन आवाज झाला आणि गाडी परत एका मिनिटावर आली. ताई रडकुंडीला आली. पण दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा किल्ल्या उचलल्या. तीन महिन्यांनी तो अर्धा तास राहायला लागला तेव्हा ती त्याला घेऊन डॉक्टरकडे गेली. डॉक्टर खूश झाली. म्हणाली, ह्यात जादू काही नाही, काल तुम्ही गेलात आणि परत आलात हे त्याला आठवतं, परवाचंही आठवतं. त्या आठवणीच्या जोरावर तो आज थांबतो.

ताईने त्याचा पट्टा हाताला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग विचारलं, "आणि आठवतच नसेल तर?"

डॉक्टरला वाटलं, एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल विचारतायत. ती टिपण लिहिता लिहिता म्हणाली, "मग त्याला एकटं ठेवायचंच नाही. त्याच्यासाठी प्रत्येक वेळ पहिलीच असते ना."

ताई घरी चालत आली. सरळ रस्ता होता, तरी दोनदा चुकली.

पाचव्या महिन्यातल्या एका रविवारी तिने ठरवलं, आज अडीच तास. सकाळी साडेआठला ती बाहेर पडली आणि पायरीवर फोन घेऊन बसली. नऊच्या सुमारास काकू जिना चढून आल्या. रविवारी त्यांचं काही काम नव्हतं. त्या दोन पायऱ्या खाली बसल्या. ताईने फोन थोडा तिरका धरला, म्हणजे त्यांनाही दिसावं. मुकादम दाराशी उभा होता, मग बसला, मग घरात एक फेरी मारून आला. एकदा हलकंसं कुंईकुंई केलं. दहाच्या आसपास तो उठला आणि आतल्या खोलीकडे गेला. फोनमध्ये आता नुसतं रिकामं दार दिसत होतं. घरातून काही म्हणजे काही आवाज येत नव्हता.

ताईच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हसू आलं. पण काकू उभ्या राहिल्या होत्या.

"दार उघड."

"झोपला असेल काकू. हेच तर हवं होतं."

"उघड म्हणते ना."

त्यांचा चेहरा बघून ताईने मुकाट्याने कुलूप काढलं. मुकादम पलंगाच्या पायथ्याशी अंगाचं मुटकुळं करून घोरत होता. पावलं ऐकून त्याने एक डोळा उघडला, शेपूट दोनदा जमिनीवर आपटली आणि पुन्हा डोळा मिटला. काकू भिंत धरून खाली बसल्या. पदर तोंडाला लावूनही त्यांना हुंदका आवरेना.

"त्या दिवशी त्यांनी दार वाजवलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "मी साडेआठपासून कान लावून होते. नऊ वाजले, साडेनऊ झाले, काही नाही. मला वाटलं, झाली एकदाची सवय. इतकं हायसं वाटलं मला. मी चहा करून घेतला. खिडकीत बसून निवांत प्यायले."

ताई उभीच होती. एवढे महिने तिला वाटत होतं की ह्या बाईने तिच्यापासून बाबांचं रडणं लपवलं. खरं तर त्या लपवत होत्या ती शांतता. बाबांना घाबरताना एकट्या काकूंनी ऐकलं होतं, आणि ते गप्प झाले तेव्हा आनंद झाला तोही एकट्या काकूंनाच. बाबा गेल्यापासून हे घेऊन त्या खालच्या मजल्यावर जगत होत्या, वरच्या पावलांचा आवाज ऐकत.

तुमची काय चूक, असं म्हणायला हवं होतं. ताईच्या तोंडून ते निघालं नाही. स्वतःला जे म्हणता येत नव्हतं ते दुसऱ्याला कसं म्हणणार? ती काकूंच्या शेजारी फरशीवर बसली, इतकंच. दोघींच्या रडण्याने मुकादमची झोप मोडली. तो आळस देत आला आणि कुणापाशी जावं हे न कळून दोघींच्या मध्ये उभा राहिला.

मुकादम आता रोज एकटा राहतो. साडेआठला ताई निघते, काही न बोलता. अकराला काकू वर येऊन त्याला फिरवून आणतात. नखं वाढली, दाराची खालची फळी बदलून झाली. डॉक्टर दुसऱ्या लोकांना ताईचं उदाहरण देते. कारखान्यात मात्र दहा वाजले की ताईचा हात थांबतो. घरातला जुना फोन आता पलंगासमोर उभा असतो, ती आपला फोन काढून बघते. कुत्रा झोपलेला असतो. ती त्याचं पोट वरखाली होताना दिसेपर्यंत बघते. मालकांना हे ठाऊक आहे. त्या वेळात ते तिला नाजूक काम देत नाहीत आणि कारणही विचारत नाहीत.

संध्याकाळी ती कधी कधी खाली जाऊन बसते. दारातून बाबा काय काय बोलायचे ते तिला ऐकायचं असतं. काकू सांगतात. बाबा एकदा छापखान्यातल्या आगीबद्दल बोलले. एकदा म्हणाले, माझी मुलगी शाळेतून यायची वेळ झाली. एकदा त्यांनी काकूंनाच विचारलं, बाई, तुम्हाला कुणी घरी न्यायला येतं का? असं थोडं थोडं करत काकूंनी जवळजवळ सगळं सांगून संपवलं.

परवा त्या म्हणाल्या, "एकदा म्हणाले गं, माझी पोर गुणाची आहे, तिच्यामुळे मी मजेत आहे."

बाबांनी जन्मात कधी तिला पोर म्हटलं नव्हतं आणि मजेत हा शब्द तर ते पत्रातसुद्धा खोडायचे. ताईने चहाचा घोट घेतला.

"अजून काय म्हणाले?" तिने विचारलं.